धुळ्याचं शून्य

नव्वदचं दशक सरत आलं होतं. जळगावातल्या एका डाळीच्या पेढीत मी टायपिंगला लागले आणि हट्टाने नेटवर्क शिकून तेच काम अंगावर घेतलं. पेढी दोघा भावांची. धाकटे नाना जळगावला, थोरले आबा धुळ्याला, मध्ये पारोळ्याला गोदाम. तिन्ही ठिकाणचे राउटर टेलिफोनच्या भाड्याच्या लाइनीने जोडायचे होते, आणि आराखडा माझा होता. नानांनी बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत धुळ्याचे भाव इथे दिसले तर ठीक, नाहीतर उद्या मुंबईचा नेटवर्कवाला माणूस येईल आणि तुम्ही परत टाइपरायटरवर.

दुपार झाली. पारोळ्याला जळगाव दिसत होतं, धुळंही दिसत होतं. पण जळगाव आणि धुळे, लग्नात रुसलेल्या व्याह्यांसारखे, एकमेकांना ओळख देईनात. नाना अधूनमधून येऊन पडद्यात डोकावत आणि घड्याळ बघून निघून जात.

या राउटरांची एक रीत मला फार आवडते. प्रत्येक जण नुसता आपला पत्ता सांगून थांबत नाही, आपली भूमिकाही दवंडी पिटून सांगतो. मी साधा, मी दोन भागांच्या सीमेवरचा, माझ्याकडून बाहेरच्या जगाला रस्ता आहे. आपल्याकडे पाहुण्याला गाव-कूळ विचारावं लागतं, हे न विचारता सांगतात. मी त्या दवंड्या ओळीओळीने वाचायला घेतल्या आणि धुळ्यापाशी थबकले. धुळ्याचा राउटर स्वतःला सीमेवरचा म्हणवत होता. माझ्या आराखड्यात नेटवर्कचे दोनच भाग होते. मुख्य भाग, म्हणजे शून्य नंबर, जळगावला होता. पारोळा आणि धुळे दोन्ही एक नंबरच्या भागात, म्हणजे सीमा फक्त जळगावपाशी. मग धुळ्याला सीमा आली कुठून?

धुळ्याला फोन लावला, तो आबांनीच उचलला. शून्य म्हणजे मुख्य, हे त्यांनी राउटर बसवणाऱ्याकडून ऐकलं होतं आणि आपल्या ऑफिसलाही शून्यच लावून घेतलं होतं.

"मी मोठा शे," ते शांतपणे अहिराणीत म्हणाले. "लगीनपत्रिकावर पहिलं नाव मनं राहस. मंग शून्य धाकलाले कसं?"

पत्रिकेवर पहिलं नाव थोरल्याचं, मग शून्य धाकट्याला का, या सवालाचा राग यायला हवा होता, हसू आलं. एका घरात दोन मुख्य झाले होते, आणि दुसऱ्या मुख्याची खबर खालच्या भागातून आली तर ती मानायची नाही, असा मुख्याचा नियम; म्हणूनच जळगाव आणि धुळे रुसले होते. शून्य काढा म्हटलं असतं तर आबांनी राउटरच काढून ठेवला असता. पण उपाय होता: पारोळ्यातून जाणारा आभासी दुवा, व्हर्च्युअल लिंक. दोन्हीकडच्या राउटरांनी 'मी या दुव्याचं टोक' असं जाहीर केलं की दोन्ही शून्यं मिळून एकच मुख्य भाग होतो. कोणालाच खाली उतरावं लागत नाही.

जळगावचं टोक मी बांधलं. धुळ्याचं आबांनी, मी फोनवर सांगेन ते एकेक अक्षर स्वतः दाबत. थोडा वेळ काहीच हललं नाही. मग धुळ्याची नवी दवंडी आली: सीमेवरचा, आणि दुव्याचंही टोक. पाठोपाठ धुळ्याचे तुरीचे भाव पडद्यावर उतरले. मी खुर्चीतून उठून एकटीच टाळ्या वाजवल्या. इतका आनंद मला माझ्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

नानांनी भाव पुन्हा पुन्हा वाचले, मुंबईचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. उद्या यायची गरज नाही, मी सांगितलं. पलीकडून त्या माणसाने विचारलं, कोण बोलतंय, टायपिस्ट का?

"नाही," मी म्हटलं. "इथलं नेटवर्क मी बघते."