कोमट पाणी

कृष्णराव पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनमधून, कोळशाच्या भट्टीवरून, रिटायर झाले आणि हुडको कॉलनीतल्या घरात नुसते बसून राहिले. मागच्या वर्षी अंजनाबाई, त्यांची बायको, गेली. तेव्हापासून तर त्यांना कोणी काही विचारीनासंच झालं. म्हणून मुलीने, दामिनीने, छपाईची प्लेट धुवायचं काम दिलं तेव्हा त्यांनी सकाळीच दाढी उरकली.

दामिनी छापचित्रं काढते. आईच्या हातावरचा गोंदणाचा मोर तिने आई असतानाच ठिपक्या-ठिपक्यांनी उतरवून घेतला होता. त्याची निगेटिव्ह फिल्म फोटोपॉलिमरच्या प्लेटीवर दाबून तिने पेटीतल्या निळ्या दिव्याखाली चार मिनिटं उजेड दिला. उजेड लागतो तिथला थर कडक होतो. बाकीचा कोमट पाण्यात, मऊ ब्रशने धुऊन निघतो. प्लेट एवढी एकच उरली होती आणि रायपूरच्या प्रदर्शनात चित्र उद्या द्यायचं होतं.

"बाबा, थर्मामीटर ठेवलाय. तीसच्या वर नको, कडक झालेले ठिपकेही सुटतील."

"मले शिकवून राहिली का? जिंदगी भट्टीच्या दारात गेली माही. पान्याले थर्मामीटर!"

"प्लेट आहे ती, कोळसा नाही," म्हणत ती शाई घोटायला आत गेली.

कृष्णरावांनी गीझरचं पाणी ट्रेमध्ये सोडलं, हात बुडवून पाहिला. कोमट. ब्रश फिरू लागला. पाणी दुधाळ झालं, मोराची मान वर आली आणि त्यांना राहवेना.

"दामू, ये ना! पाय, तुह्या मायचा मोर!"

ती येईपर्यंत ठिपके सुटून पाण्यावर तरंगायला लागले होते. प्लेट काढायला तिने ट्रेत हात घातला आणि झटक्यात मागे घेतला.

"अरे बाप रे! ये तो जला देगा! हात कसा ठेवला तुम्ही यात?"

"कोमट तं आहे." त्यांचा हात अजून पाण्यातच होता.

तिने थर्मामीटर बुडवला. पंचावन्न. मग त्यांचा हात ओढून उलटा केला. लालभडक झाला होता.

"कधीपासून चटका कळत नाही तुम्हाला?"

"काय मालूम. आमच्या भट्टीवर सगळ्याइचे असेच हात."

मोर पुसला गेला होता, पण ती प्लेटीकडे बघतच नव्हती.

"आई आजारी होती तेव्हा मी खैरागढहून फोन केला होता," ती हळू म्हणाली. "आई नुसती पडून असते म्हणाले तुम्ही. ताप नाही, हात लावून पाहिलं म्हणाले."

चौथ्या दिवशी अंजनाबाईंना दवाखान्यात नेलं, तेव्हा ताप अंगात मुरलाय, फार उशीर केला, असं डॉक्टर म्हणाले होते.

"पायलं होतं," कृष्णराव म्हणाले. "दोन्ही हातानं पायलं होतं."