करंट खरा की खोटा

अहवाल फायलीत जातात आणि किस्से आमच्या जेवणाच्या टेबलावर साठतात. डबे उघडले की कुणीतरी एक काढतंच. हे सगळे आमच्या कोल्हापूरच्या सेंटरवर सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी ब्रेन स्टिम्युलेशनचा अभ्यास चालला होता, तेव्हाचे. मी तिथली फिजिओथेरपिस्ट.

या मुलांचे नुसते हातपायच आखडत नाहीत. हृदयाचे ठोके, घाम, रक्तदाब, ही शरीराची आपोआप चालणारी कामंही बिघडतात. डोक्याला मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज लावून वीस मिनिटं अगदी बारीक करंट दिला, तर त्यात फरक पडतो का, हे बघायचं होतं. निम्म्या मुलांना खरा करंट. निम्म्यांना खोटा, म्हणजे सुरुवातीला मुंग्या आल्या की मशीन आपोआप, गुपचूप बंद! कुणाला कुठला, हे शेवटपर्यंत आम्हालाही कळणार नव्हतं. पालकांनी हे सगळं ऐकूनच सह्या केल्या होत्या.

*

राधानगरीकडच्या सुरेखाताई आठ वर्षांच्या ईश्वरीला कडेवर घेऊन आल्या.

"काय व्हायला पाहिजे हिचं?" मी विचारलं.

"शाळंत बसाय पायजे."

ईश्वरीला सरळ बसवलं की दहा मिनिटांत ठोके वाढायचे, घाम फुटायचा, चेहरा पांढरा पडायचा. अर्धा तास बसली तर घेतो, असं शाळेनं सांगितलं होतं.

मशीन लावलं, तर लाल दिवा, म्हणजे करंट डोक्यापर्यंत पोचतच नाही. वायर बदलली, स्पंज बदलले, तरी लाल दिवाच! शेवटी केसांना हात लावला, तर वाटीभर तेल.

"दवाखान्यात यायचं म्हणून चापून वेणी घातलीया की! तशीच आणू व्हय पोरीला?"

त्या आठवड्यात प्रत्येक आईनं हेच केलं. मग आम्ही बाथरूममध्ये शिकेकाईचा डबा ठेवला.

*

कबनूरच्या शिवाप्पांची मुलगी ठोके मोजायला आमच्या शांत खोलीत आली की तिचे ठोके भलतेच पळायचे. आम्ही पंखा बंद केला, चपला बाहेर काढल्या, कुजबुजसुद्धा थांबवली. ठोके आणखी वाढले!

शिवाप्पा म्हणाले, "मॅडम, शांतता सोसत न्हाय हिला. मागाच्या खडखडाटात वाढलीया."

त्यांनी मोबाइलवर यंत्रमागाचा आवाज लावला. दोन मिनिटांत पोरीचे ठोके खाली आले. अभ्यास चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरबाई तडक आत आल्या, "नियमात बसत नाही, हे रेकॉर्डिंग बाद!" बाद तर बाद. पण ती पोर हसत होती आणि मी ते पाहिलंय.

*

पालकांची भीती जावी म्हणून एकदा मी स्वतःच्या छातीला वायरी लावून घेतल्या. पडद्यावर ठोके इतके वाकडेतिकडे, की मलाच घाम फुटला.

सुरेखाताईंनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मॅडम, पोरीचं ऱ्हाऊ द्या. तुमीच पडा जरा!"

*

चार आठवड्यांनी ईश्वरी अर्धा तास बसली. घाम नाही, काही नाही! सुरेखाताई मशीनच्या पाया पडल्या. शाळेत नाव लागलं.

मग अभ्यास संपला आणि कुणाला कुठला करंट, ती यादी उघडली. ईश्वरीच्या नावापुढे 'खोटा'.

सांगायचं काम माझ्यावर आलं. इतकं वाईट काम मी आजवर केलेलं नाही. "सुरेखाताई, तिला करंट मिळालाच नव्हता. मशीन बंद होतं. पण आता खरा देणार आहोत, सोमवारपासून."

त्यांनी मशीनकडे बघितलं. "मग रोज ती वीस मिनिटं काय चाललंतं?"

"काहीच नाही. ती पडून असायची. तुम्ही शेजारी खुर्चीवर, तिचे पाय मांडीवर घेऊन."

"व्हय. दुसरं काय काम करायचं न्हाय, फोनबी न्हाय, असं तुमीच बजावलंतं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "घरात चार म्हशी, सात माणसं. ह्या पोरीजवळ नुसती बसलीया, असं कवाच झालं न्हवतं."

मी नवा फॉर्म पुढे केला. त्यांनी तो हलकेच बाजूला सारला.

"मशीन दुसऱ्या पोरीला लावा, मॅडम. मला एक चिठ्ठी द्या, घरच्यांस्नी दावायला. हिच्या आईनं रोज वीस मिनिटं हिच्याजवळ बसायचं, असं लिवा. डॉक्टरनं लिवलंय म्हटल्यावर मला कोण उठवायचं न्हाय."