पानावर आडवा हात

परवा घरी बारसं होतं. पंगतीत नववीतली माझी पुतणी सई बसली होती. तिची आत्या गुलाबजाम वाढत आली, तेव्हा सईने पानावर हात आडवा धरला. "नको गं आत्या, खरंच नको."

"अगं, एकाने काय होतंय?" म्हणत आत्याने तिच्या हाताखालून एक पानात सोडलाच. पाक सईच्या बोटांवर ओघळला.

हीच आत्या दहा मिनिटांपूर्वी स्वयंपाकघरात म्हणत होती, "पोरगी किती सुटलीय! दोन जिने चढली तरी धापा टाकते." आणि आम्ही सगळ्या माना डोलवत होतो.

मला चीड येते ती या माना डोलवण्याची. शाळेतून क्लासला तिला स्कूटरवर आम्हीच नेतो. खेळाच्या तासाला गणित घ्या, असं शाळेत जाऊन आम्हीच सांगून आलो. सोसायटीच्या मैदानात उभ्या आहेत त्या गाड्या आमच्याच. पोरीला दिवसभर बसवून ठेवायचं, बसल्या जागी भरवायचं आणि मग तिच्या पोटाकडे बघून कुजबुजायचं. वर याला माया म्हणायचं. लाज कशी वाटत नाही?

सईची बोटं चिकट झाली होती. तिने ती चाटली.

"बघा!" आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आणि नको नको म्हणत होती!"

पंगत हसली. आत्याच्या मागोमाग पुऱ्यांचं ताट घेऊन मी होते. मला बघून सईने पुन्हा पानावर हात आडवा धरला.