ताईच्या सासऱ्यांचा शनी

पंचांगाचा इतका कट्टर विरोधक आणि पंचांग इतक्या नेमाने वाचणारा माणूस, ताईचे सासरे सोडले तर, अख्ख्या नाशकात झाला नसेल. नाशिकरोडच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं. घर बौद्ध; मुहूर्त, कुंडली, साडेसाती यांना उंबऱ्याच्या आत मज्जाव. ताईच्या लग्नाची तारीखही त्यांनी शाळेच्या सुट्ट्या बघून काढली होती. पण निवृत्तीच्या सुमारास मास्तरांनी मुंबईहून एक लहानशी दुर्बीण आणली आणि पंचाईत झाली. कुठला ग्रह कधी, कुठे दिसणार हे सांगणार कोण? त्या काळी आमच्याकडे ते एकाच पुस्तकात मिळायचं. मग शेजारच्या काकूंचं पंचांग वर्तमानपत्राचं कव्हर घालून गच्चीवर जाऊ लागलं. मी एकदा पकडलं, तर शांतपणे म्हणाले, “ग्रह कुठे आहेत तेवढं मी घेतो. ते काय करतात, ते काकूंना ठेवतो.” गुरूचा अस्त लागला की काकूंकडे लग्नं अडायची, यांच्याकडे दुर्बीण, दोन्ही घरांत सारखीच अवकळा यायची. शुक्राची कोर बघितल्याशिवाय पाहुण्याला चहा मिळत नसे. विंचूरहून कांद्याचं पोतं घेऊन आलेल्या मेहुण्यांना त्यांनी पोत्यासकट जिना चढायला लावला होता.

सायखेड्याचं माहेर असलेल्या मावशी, म्हणजे ताईच्या सासूबाई, दुर्बिणीला सवत म्हणायच्या आणि तिच्या वाटेला जात नसत.

ऐंशी सालच्या होळीनंतर मास्तरांनी सगळ्या कॉलनीला शनी बघायला बोलावलं. ज्याला एवढं भिता, तो भोवतीच्या कड्यासकट किती देखणा आहे ते एकदा डोळ्यांनी बघा, म्हणजे भीती जाईल, असं ते, आदल्या वर्षी स्वतः बघितल्याच्या भरवशावर, महिनाभर दारोदार सांगत होते. त्यांच्या आयुष्यभराच्या शिकवणीचीच ती परीक्षा होती म्हणा ना. दिवेलागणीनंतर गच्ची भरली. पंचांगाबरहुकूम शनी पूर्वेला वर आला. कडं मात्र नव्हतं.

दर काही वर्षांनी एकदा ते कडं आपल्याकडे नेमकी धार करतं आणि दिसेनासं होतं, हे मास्तरांना मागाहून कळलं. पंचांगात ते कुठून असणार? त्या संध्याकाळी ते नुसतेच रुमालाने काच पुसत राहिले. मागून कोणीतरी म्हणालं, शनीलाच साडेसाती लागली वाटतं. गच्ची खो खो हसली. मास्तरांचा चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात मावशी पदराला हात पुसत पुढे झाल्या आणि दुर्बिणीला डोळा लावला.

“हाय की कडं. बारीक हाय, पण हाय. नीट बघायला नको का?”

पुन्हा रांग लागली आणि काय सांगू, एकेकाला कडं दिसायला लागलं. साडेसातीवाल्याला तर सगळ्यांत स्पष्ट दिसलं. प्रयोगाच्या वहीत एक आकडा मनाचा लिहिला म्हणून पोरांना वर्गाबाहेर काढणारे मास्तर पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभे राहिले.

पुढे कडं पुन्हा उघडलं, चांगलं रुंद. मास्तरांनी पहिल्यांदा मावशींनाच वर नेलं; मी स्टूल धरायला होतो. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “झ्याक हाय. पण त्या दिशी याच्यापरीस चांगलं दिसलं व्हतं.”

आता दोघंही नाहीत. पण त्यावर मास्तर जे म्हणाले ते मी ऐकलंय. खोट्याची इतकी चीड असलेला तो माणूस तिच्या खांद्यावरचा पदर सारखा करत म्हणाला, “हो. मलाही.”