तळाशी स्वच्छ गाळ असतो

गेली कित्येक वर्षं मी दुसऱ्यांचा चिखल वाचते. पोट त्याच्यावरच चालतं. खाडीच्या तोंडाशी आम्ही लांब पाइप गाळात ठोकतो, बूच लावून उपसतो आणि प्रयोगशाळेत आणून आतल्या गाळाच्या चकत्या करतो. वरची चकती यंदाची, खालची आजोबांच्या काळची. कोणती कधीची हे गाळात मुरलेल्या किरणोत्सारावरून कळतं. जगात कुठेतरी अणुबाँबच्या चाचण्या झाल्या, त्यांची धूळ सगळीकडे पडली, तिचीही खूण त्यात सापडते. मग शिसं किती, पारा किती ते मोजायचं. कारखाना कधी आला, कधी फोफावला, आणि 'आम्ही पाणी शुद्ध करूनच सोडतो' असं मालक छातीठोकपणे सांगत होता तेव्हा खाडीत काय उतरत होतं, सगळं त्या चिखलात ओळीने लागलेलं असतं. आम्ही ते मोजतो, अहवाल देतो आणि चहा प्यायला जातो.

पाइपच्या अगदी तळाशी मात्र स्वच्छ गाळ लागतो. कारखान्यांच्या आधीचा. त्याच्याशी ताडून पाहिल्यावरच वरचा किती बिघडला ते ठरतं. मला तो भाग आवडतो. दिवसभर घाण मोजून शेवटी तो हातात आला की बरं वाटतं.

माझं गाव आंबागडच्या अलीकडे, तुमसर तालुक्यात. मी शाळेत असताना तलावात उतरणाऱ्या नाल्याच्या काठी कुणा बाहेरच्या माणसाने भट्टी टाकली होती. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या आणि आतलं शिसं वितळवायचं. नाल्याचं पाणी काळं झालं, शिंगाड्याचे वेल सडले, म्हशी मेल्या. गावातल्या काही जणांना तिथे रोजी मिळत होती, म्हणून बाकीचे मूग गिळून बसले. पुढे एक दिवस भट्टीवाला छताच्या टिना उचलून पसार झाला. गावाच्या लेखी विषय मिटला. माझ्या डोक्यातून तो कधीच गेला नाही, आणि त्या माणसाचा मला आजही राग येतो.

दादाला मुलगी झाली. तिला बघायला गेले तेव्हा मी सोबत पाइप नेला. डोंग्यात बसून दादाने आणि मी तो तलावाच्या मधोमध ठोकला. काठावर बघे जमले होते. त्यातला एक म्हातारा ओरडला, "काय वं बाई, तलावाले सुई देऊन राहिली काय?" सगळे हसले. मीही हसले.

शिशाचं मोजमाप आधी हातात आलं. वरपासून खालपर्यंत गाळ साफ. माझ्या जिवात जीव आला. तारखा लागायला आणखी वेळ लागणार होता, पण मला दम कुठला? घरी फोन केला.

"दादा, आपला तलाव साफ हाये."

"मी तं कवाचाच सांगून राहिलो," तो म्हणाला. "तूच उगीच भेव दाखवते."

त्याच आनंदात आईने नातीच्या उष्टावणाचा दिवस धरला. पहिला घास घरच्या मोठ्या बांधीतल्या तांदळाचा असणार होता. चारी बाजूंनी मातीचे धुरे, म्हणजे बांध, घातलेलं भाताचं शेत म्हणजे आमच्याकडे बांधी. मोठी बांधी तलावाला लागून आहे आणि घरच्या वर्षभराच्या जेवणाचा तांदूळ तिच्यातलाच असतो.

मग तारखा आल्या. वरचा बोटभर गाळ अगदी ताजा होता आणि त्याच्या खाली एकदम आजोबांच्या वेळचा. मधलं काहीच नाही. बाँबच्या धुळीची खूणही नाही. भट्टीची सगळी वर्षं त्या पाइपमधून गायब होती. समुद्रावर असं झालं की आम्ही 'वादळाने नेलं' असं लिहून मोकळे होतो. आमच्या तलावात कुठलं आलंय वादळ?

आणि मग आठवलं. दर उन्हाळ्यात तलाव उतरला की गाव गाळ उपसतं आणि खत म्हणून बांधीत टाकतं. मी स्वतः डोक्यावरून घमेली वाहिली आहेत. खाडीचा गाळ कुणी घरी नेत नाही, म्हणून तिथे शिकलेली विद्या मी जशीच्या तशी इथे लावली आणि आपलं लहानपण विसरले. भट्टी उठली त्या उन्हाळ्यात नाल्याच्या तोंडाशी सगळ्यात काळा गाळ निघाला होता. काळा म्हणजे कसदार. त्याच्यासाठी भांडणं झाली. बाबांनी भांडून तो मिळवला आणि सगळाच्या सगळा मोठ्या बांधीत पसरला. त्या दिवशी ते किती खुशीत होते! बाबा आता नाहीत. असते तर त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगितलं असतं?

उष्टावण दुसऱ्या दिवशी होतं. मी फोन करून सांगितलं, पोरीला आपला तांदूळ देऊ नका, दुकानातून आणा.

आईने फोन घेतला. "पयला घास इकतचा? आपली बांधी असून?"

"त्या बांधीत शिसं असंन, आई."

"तूच तं म्हणली साफ हाये."

"तलाव साफ हाये. इख बांधीत हाये. नको चारू म्हणते नं!" मी किंचाळले. आईवर मी इतकी कधीच ओरडले नव्हते.

वहिनीने आईच्या हातून फोन घेतला. "ताई, मी तं पोटुशी असल्यापासून तोच भात खाऊन राहिली. दुधातनं जाते काय वो ते?"

मला उत्तर माहीत होतं. मी म्हणाले, "पाहू आपण."

उष्टावण दुकानातल्या तांदळावर झालं आणि वहिनीने त्या दिवसापासून पोरीला अंगावर पाजणंही तोडलं. पोर रडून रडून निळी व्हायची, असं दादा सांगायचा. मी बांधीतली माती आणि मूठभर तांदूळ मागवून तपासले. दोन्हीत शिसं होतं. भंडाऱ्याला नेऊन पोरीचं रक्त तपासलं, त्यातही निघालं. डॉक्टर म्हणाले, तो तांदूळ बंद ठेवा, लहान आहे, हळूहळू उतरेल.

काही महिन्यांनी पोरीचं जावळ काढलं. ते तलावात सोडायची आईची रीत, पण वहिनीने एक झुपका तिच्या नकळत मागे ठेवला आणि दादाच्या हाती माझ्याकडे पाठवला. केसांत शिसं साठतं आणि केस वाढतो तसा त्याचा काळ कळतो, हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं की शिसं तिच्या दुधातनं गेलं का. दुधातनं गेलं असेल तर निदान ते तिने वेळीच तोडलं होतं.

केस मी गाळासारखेच कापले, तुकड्या-तुकड्याने. मुळाकडचा तुकडा आत्ताचा, टोकाचा जन्माच्याही आधीचा. मुळाशी शिसं कमी होतं. टोकाकडे, म्हणजे पोर वहिनीच्या पोटात होती त्या दिवसांकडे, जावं तसं वाढत गेलं. मी शेवटच्या तुकड्यापर्यंत स्वच्छ भाग लागायची वाट पाहिली. गाळ असता तर पाइप आणखी खोल ठोकला असता. केसाच्या टोकापलीकडे मोजायला काही नव्हतं. तिथे वहिनीच होती, आणि ती माझ्या फोनची वाट पाहत होती.