सावकाशरावांचा उलटा टीव्ही

सावकाशरावांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण ती पाटी वाचायचे कष्ट गल्लीत कुणी घेत नसे. खुर्चीतल्या माणसाने जरा चुळबुळ केली की ते दोन बोटांनी त्याचं डोकं जागेवर आणत आणि म्हणत, “सावकाश.” गिऱ्हाईक घाईत असलं तरी सावकाश, स्वतःला उशीर झाला असला तरी सावकाश. कात्री आधी हवेत चार-सहा वेळा नुसतीच चालायची, मग एक केस कापायची, आणि मग पुन्हा हवेत, जणू त्या एका केसाबद्दल तिचा विचारविनिमय चालू आहे. त्यांच्याकडे केस कापायला बसलेल्या माणसाचे मागचे केस होईपर्यंत पुढचे पुन्हा वाढतात, असं गल्लीतले टवाळ म्हणत. तरीही ते टवाळ केस कापायला त्यांच्याकडेच येत, कारण सावकाशरावांच्या वस्तऱ्याने आजवर कुणाचं रक्त काढलं नव्हतं.

काढलं नव्हतं म्हणजे, बेकरीवाल्याच्या कानापर्यंत.

त्याचं असं झालं. दुकान अरुंद. एका भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा, त्याच्यासमोर दोन खुर्च्या. खुर्च्यांच्या पाठीमागे, दुसऱ्या भिंतीला लागून बाक, आणि बाकाच्या वर फळीवर एक जुना टीव्ही. गिऱ्हाइकांनी तो आरशातून बघायचा. आरशात सगळं डाव्याचं उजवं होतं, त्यामुळे सावकाशराव स्वतः उलटी अक्षरं सुलट्यापेक्षा भरभर वाचत. पण सगळ्यांनाच हे जमत नाही. मॅच लागली की खुर्चीतला माणूस स्कोअर बघायला हमखास मान वळवायचा. त्या दिवशी बेकरीवाल्याने गोल झाल्याच्या ओरड्यावर मान अशी काही फिरवली, की वस्तरा जिथे होता तिथेच राहिला आणि कानच त्याच्याकडे चालत आला.

जखम नखाएवढी. तुरटी लावली, थांबली. पण बेकरीवाल्याने कानाला एवढी मोठी पट्टी लावली, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, कान घरीच राहिला असेल. ही पट्टी घेऊन तो आठवडाभर गल्ल्यावर बसला. पाव घ्यायला येणारा प्रत्येक माणूस पावाबरोबर ती हकिगत घेऊन जाई.

“हात थरथरायला लागलाय हो भाऊजींचा,” असं पहिल्यांदा म्हणाला तो मेहुणा. हा मेहुणा म्हणजे सावकाशरावांच्या बायकोचा धाकटा भाऊ. कंगवा कुठल्या हातात धरायचा हे त्याला सावकाशरावांनी शिकवलं होतं, आणि त्याने त्यांच्याच दुकानासमोर, रस्त्यापलीकडे, काचेच्या दाराचं, थंडगार हवेचं सलून थाटलं होतं. तिथे गिऱ्हाइकाला आत शिरल्याबरोबर पाणी विचारत. सावकाशरावांच्या मते पाणी डोक्यावर मारायचं असतं.

“भाऊजी, मी वाईट अर्थाने नाही म्हणत,” मेहुणा दारात उभा राहून म्हणाला. “पण बाक बघा तुमचा. आजोबांशिवाय कुणी नाही. आणि आजोबांना तर टक्कल आहे.”

बाकावरचे आजोबा हे रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारे गृहस्थ. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे त्यांना कळलं. त्यांनी पान उलटलं.

“हे शटर पाडा आणि माझ्याकडे या,” मेहुणा म्हणाला. “कोपऱ्यातली खुर्ची तुमची. दाढ्या बाकीची पोरं करतील, तुम्ही नुसते केस कापा. वस्तऱ्याला हात नाही लावायचा, म्हणजे झालं.”

त्या रात्री जेवताना सावकाशरावांच्या तोंडून निघालं, “माझा हात चुकला नाही. त्याची मान चुकली.”

“माझ्या भावाने तुमच्या भल्याचंच सांगितलं,” बायको म्हणाली.

“मग जाऊ त्याच्याकडे?”

“अजिबात नाही! त्याच्या हाताखाली? तुम्ही शिकवलंय त्याला!” बायकोची ही खासियत होती. भाऊ आणि नवरा यांच्यातल्या प्रत्येक भांडणात ती दोघांच्याही बाजूने तितक्याच तावातावाने लढे.

तोडगा काढला लेकीने. ती एका कार्यालयात नोकरीला होती आणि चपलेपासून चष्म्यापर्यंत सगळं मोबाइलवरून मागवत असे. “बाबा, टीव्ही लहान आहे म्हणून माणसं मान वळवतात. मोठा आणला तर आरशातून नीट दिसेल, कुणी हलणार नाही.”

“आरशाच्या वर लाव ना मग, समोरच.”

“आणि गिऱ्हाईक मान वर करून बसलं तर मानेवरचे केस कसे कापाल?”

सावकाशरावांना हे पटलं. आपल्या धंद्यातलं काहीतरी पोरीच्या डोक्यात शिरलं आहे, याचा त्यांना आनंदही झाला. टीव्ही बाकावरच्या भिंतीलाच लागायचा असं ठरलं. मात्र न बघता, न ठोकता, दुकानदाराशी न भांडता टीव्ही विकत घेणं त्यांना मुलगी न बघता लग्न ठरवल्यासारखं वाटत होतं. “वस्तू हातात घेऊन बघायची नाही, तर निवडायची कशी?”

“लोकांनी तारे दिलेत, बाबा. त्यावरून.”

“कसले तारे?”

“आवडला तर पाच, नाही आवडला तर एक.”

“आपल्या दुकानाला बेकरीवाला किती देईल?” सावकाशरावांनी विचारलं. लेकीने विषय बदलला.

टीव्ही आला तेव्हा खोकं दारातून आत जाईना. ते तिरकं करून, आजोबांना बाकावरून उठवून आत घेतलं. कंपनीच्या माणसाने भिंतीत भोकं पाडून टीव्ही टांगला, खालचा लाल दिवा पेटल्याची खात्री केली, सावकाशरावांचं बोट मोबाइलवर सहीसारखं फिरवून घेतलं आणि पुढच्या पत्त्यावर पळाला. सावकाशरावांनी केबल जोडली, रिमोट दाबला, आणि उभ्या जन्माच्या सवयीने जिकडे बघायचे तिकडे बघितलं. म्हणजे आरशात.

बातम्या देणारी बाई भिंतभर पसरली होती. तिच्या खालून अक्षरं सरकत होती. आणि ती अक्षरं, सावकाशरावांच्या लक्षात आलं, सुलट होती. आरशात, सुलट! कधी नव्हे ते त्यांना वाचायला जरा अडखळल्यासारखं झालं.

“आजोबा, वाचता येतंय?”

बाकावर आरशाकडे तोंड करून बसलेल्या आजोबांनी चष्मा सरसावला आणि ‘आज बाजार बंद’ हे शब्द घडाघडा वाचले.

“सुधारणा आहे,” आजोबा म्हणाले.

“सलूनसाठी वेगळा काढत असणार,” सावकाशराव म्हणाले. “विज्ञान कुठल्या कुठे गेलंय.” त्यांनी मनातल्या मनात पाच तारे देऊन टाकले.

दुपारी लेक डबा घेऊन आली. ती दारातून शिरली, त्यामुळे तिने आरशाआधी टीव्हीच बघितला, आणि डबा हातात धरून तशीच उभी राहिली.

“बाबा! हा उलटा आहे!”

“उलटा कुठे? डोकं वर, पाय खाली.”

“डाव्याचं उजवं झालंय. अक्षरं बघा!”

सावकाशरावांनी आयुष्यात क्वचितच करावी अशी गोष्ट केली. ते आरशाकडे पाठ करून उभे राहिले. खरंच, बाईच्या खालची सगळी अक्षरं पाठमोरी पळत होती. ते पुन्हा आरशाकडे वळले. सुलट. पुन्हा टीव्हीकडे. उलट. खुर्चीत साबणाचा फेस लावून बसलेलं गिऱ्हाईक म्हणालं, “काका, माझा फेस वाळतोय.”

“यात काहीतरी बिघाड आहे,” लेक म्हणाली. सावकाशराव ‘अगं सावकाश’ म्हणेपर्यंत तिने फोटो काढून तक्रार नोंदवूनसुद्धा टाकली होती. बापाचा संथपणा तिच्या वाट्याला कणभरही आला नव्हता.

ती तक्रार कंपनीत कुठेतरी रांगेत उभी होती, आणि इकडे मॅचेस सुरू झाल्या. पहिल्या मॅचला सावकाशरावांनी रिक्षावाल्याची दाढी केली. गोल झाला. सावकाशरावांनी सवयीने वस्तरा उचलला. पण रिक्षावाल्याची मान जागची हलली नाही. तो आरशात बघत होता, स्कोअर वाचत होता आणि ओठ न हलवता “आयला, भारी” म्हणत होता. एवढी निश्चल मान सावकाशरावांनी फक्त झोपलेल्या गिऱ्हाइकाची बघितली होती.

रिक्षावाला ही बातमी रिक्षातून गावभर घेऊन गेला. पुढच्या मॅचला आजोबांना बाकावर जरा सरकावं लागलं. त्याच्या पुढच्या मॅचला त्यांना वर्तमानपत्राची घडी घालावी लागली. ज्यांची दाढी कालच झाली होती असेही लोक गालावरून हात फिरवत म्हणू लागले, “जरा खरखरीत वाटतेय.” शेवटी एक दिवस बेकरीवाला आला. कापला होता तो कान त्याने भिंतीच्या बाजूला ठेवला, पण बसला. आणि हलला नाही.

रस्त्यापलीकडून मेहुण्याला हे सगळं दारातून दिसत होतं, आणि दारातून टीव्ही उलटाच दिसे. “भाऊजी, बिघडलेला टीव्ही आलाय तुमच्या गळ्यात!” तो ओरडला. “गिऱ्हाइकं सगळी डावखुरे खेळाडू बघतायत! महिनाभर बघतो वाट, मग शटर पाडायला मीच येतो!”

सावकाशरावांना आता घोर लागला तो तक्रारीचा. एका दुपारी त्यांनी लेकीकडून नंबर घेऊन कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक गोड आवाजाची मुलगी आली.

“ताई, तक्रार मागे घ्यायचीय.”

“टीव्ही दुरुस्त झाला का, सर?”

“नाही. बिघडलेलाच आहे. उत्तम बिघडलाय.”

“सर, बिघाड आहे म्हणताय, मग तक्रार बंद कशी करू?”

“मी समाधानी आहे ना.”

“सर, समाधानी असाल तर एक दाबा, पण ते दुरुस्तीनंतर.” आणि मग, खास मर्जी दाखवावी अशा आवाजात, “तुमचं काम मी तातडीचं म्हणून पुढे पाठवलंय.”

तातडीचं काम घेऊन दुसऱ्याच दिवशी मेकॅनिक आला. तरणा, पाठीला पिशवी, गालावर आठवड्याची दाढी. महत्त्वाची मॅच लागली होती, बाक भरला होता, आणि सावकाशरावांचा वस्तरा नेमका रिक्षावाल्याच्या गळ्यावर होता. अशा वेळी ते जगात कुणाशीही बोलत नसत. मेकॅनिकने रिमोटवर कसल्यातरी खुणेची बटणं दाबली, पडद्यावर एक यादी उघडली, त्यातली एक ओळ बदलली, आणि म्हणाला, “झालं, सर! डाव्याचं उजवं करायची सेटिंग कारखान्यातच चालू राहिली होती. एकदम सुलट केलं.”

त्याच क्षणाला रिक्षावाल्याने मान वळवली.

सावकाशरावांचा वस्तरा कसा उचलला गेला ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. रक्त आलं नाही. पण बाकावरच्या साऱ्यांनी टीव्ही बघायला माना वर केल्या, त्यातले दोघे उठून दारात जाऊन उभे राहिले, आणि आजोबांनी वर्तमानपत्राची घडी पुन्हा उलगडली.

“होतं तसं करा,” सावकाशराव म्हणाले.

“म्हणजे?”

“उलटं करा.”

“सर, मी बिघाड काढायला येतो, घालायला नाही येत.” मेकॅनिक खरोखर गोंधळला होता. “वरच्यांना काय सांगू? चांगला टीव्ही बिघडवून आलो?”

सावकाशरावांनी त्याला सगळं समजावलं असतं, पण समजावणं हे त्यांचं क्षेत्र नव्हतं. त्यांनी त्याच्या गालाकडे बघितलं. मग रिक्षावाल्याचा चेहरा पुसला आणि खुर्ची झटकली.

“बसा.”

“नको, मला पुढे जायचंय.”

“मॅच संपेपर्यंत पुढच्या घरात तरी तुम्हाला कोण दार उघडणार आहे?”

हे खरं होतं. मेकॅनिक बसला. ब्रश फिरला, फेस चढला, गळ्याभोवती पांढरं कापड आलं. वस्तरा कल्ल्यापासून निघाला. आरशात पाठमोरा स्कोअर चमकला आणि मेकॅनिकची मान फिरली. दोन बोटांनी ती जागेवर आणली. “सावकाश.” पुन्हा एक जोराचा ओरडा, पुन्हा मान. “सावकाश.” एक गाल कसाबसा झाला.

“काय झालं? गोल? कुणाचा?” मेकॅनिक तोंड न हलवता विचारू लागला. आरशातले आकडे त्याला लागेनात.

“वाचा की,” आजोबा म्हणाले. “टीव्ही तुम्हीच दुरुस्त केलाय.”

सारा बाक हसला. सावकाशराव हसले नाहीत. वस्तरा गळ्याशी आला होता. तेवढ्यात मैदानावर पेनल्टीची शिट्टी वाजली, आणि मेकॅनिकने दोन्ही हात कापडाखालून वर काढले.

“थांबा! काढा तो वस्तरा!” एक गाल फेसाचा, एक गुळगुळीत, गळ्यात कापड तसंच, असा तो उठला, रिमोट उचलला, तीच खुणेची बटणं दाबली, तीच ओळ पुन्हा बदलली आणि धावत येऊन खुर्चीत बसला. आरशात आकडे सुलट झाले. पेनल्टी मारली गेली. दुकानात एकही मान हलली नाही. मेकॅनिकचा गळा पाणी ठेवलेल्या थाळीसारखा स्थिर होता, आणि सावकाशरावांचा वस्तरा त्याच्यावरून असा गेला, की थरथर हा शब्द त्याला ठाऊकच नसावा.

जाताना मेकॅनिकने मोबाइलवर लिहिलं, ‘चित्र तपासलं. गिऱ्हाईक समाधानी.’ सावकाशरावांनी एक दाबला.

महिना संपला तेव्हा मेहुणा आला. शटर पाडायला नव्हे, केस कापायला. एवढं थाटाचं सलून असून स्वतःचं डोकं मात्र तो आजवर भाऊजींशिवाय कुणाच्या हातात देत नसे. पोरांना आपणच शिकवलंय, तेव्हा ती कशी कापतात ते त्याला माहीत होतं. बाक भरलेला होता म्हणून त्याला थांबावं लागलं. खुर्चीत बसल्यावर तो आरशातल्या टीव्हीकडे बघत राहिला. मग डोळे बारीक केले.

“भाऊजी, हा तर सुलट दिसतोय.”

“हं.”

“पण रस्त्यावरून तर… थांबा, बघू दे.” तो मागे वळायला निघाला. दोन बोटांनी डोकं पकडलं आणि जागेवर आणलं.

“भाऊजी, कुठल्या कंपनीचा हो? आणि काय सांगून मागवलात?” थोडा वेळ कात्री हवेत चालत राहिली. मेहुण्याने घसा साफ केला. “आणि ते, कोपऱ्यातल्या खुर्चीचं मी बोललो होतो… ती ठेवू का रिकामी?”

सावकाशरावांनी कात्री थांबवली, मेहुण्याच्या कानाच्या वरचा एकच केस नीट निवडला, आणि कापला.

“मान सरळ,” ते म्हणाले.