त्रेहो हे आडनाव कोणाचं

गेल्या ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी सकाळी आईने आणि मी ब्रिस्टलहून रेडरुथची गाडी पकडली. रेडरुथ हे कॉर्नवॉलमधलं जुन्या खाणींचं गाव. आईचा जन्म तिथला. आई एक्क्याऐंशी वर्षांची आहे. तिची पणजी मेक्सिकोची होती. त्या पणजीने देश सोडला तेव्हा मागे तिची आई होती की नाही, एवढं माझ्या आईला जाणून घ्यायचं होतं.

आई इंग्लंडमध्ये नर्स होती. तिच्याच हॉस्पिटलातल्या पुण्याच्या डॉक्टरशी तिने लग्न केलं, पुण्याला गेली आणि मार्गारेटची माधवी झाली. ताटातल्या तांदळात अंगठीने ते नाव माझ्या वडिलांनी लिहिलं. चाळीस वर्षं ती कर्वेनगरला राहिली; वडील गेल्यावर माझ्याकडे ब्रिस्टलला आली. पणजीबद्दल माहेरी तिला एकच वाक्य सांगितलेलं होतं: पणजोबा मेक्सिकोच्या खाणीत कामाला गेले आणि परतताना एका अनाथ मुलीला घेऊन आले.

दोन वर्षांपूर्वी आईच्या लाळेची डीएनए तपासणी केली. मुलीला आईकडून, आईला आजीकडून मिळत आलेला अंश मध्य मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांचा निघाला. तपासणी नाव सांगत नाही. नाव होतं आईकडच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात, पहिल्या पानावर: मारिया ग्वादालूपे एर्नांदेस त्रेहो. मी पुण्यात वर्तमानपत्रात वीस वर्षं काढली आहेत. मधलं ते वडिलांचं नाव, शेवटचं ते आडनाव, असं धरून मेक्सिकोतल्या चर्चच्या नोंदींत एर्नांदेस नावाचा त्रेहो मी वर्षभर शोधला. सापडला नाही. आई म्हणाली, "म्हणजे अनाथच." उरली होती रेडरुथमधली पणजीच्या लग्नाची नोंद.

प्लिमथ सोडल्यावर गाडी टेमर नदीच्या पुलावर हळू होते. पलीकडे कॉर्नवॉल. खाली ओहोटी होती. होड्या गाळात आडव्या पडल्या होत्या.

"मी पुण्याला निघाले तेव्हा माझा आई प्लिमथपर्यंत आला होता," आई म्हणाली.

"आली होती."

"तेच ते. मराठी तुझी, आई माझी."

ती भेट शेवटची ठरली. आजीच्या अंत्यविधीला आईला येता आलं नाही. त्या आठवड्यात माझा जन्म झाला.

रेडरुथचा मुख्य रस्ता चढाचा आहे. चढ संपेपर्यंत आई दोनदा थांबली. एका बेकरीत आम्ही पेस्टी (मांस आणि बटाटा भरून भाजलेली, करंजीच्या आकाराची) घेतली. आईने मिरची आहे का विचारलं.

"मिरची?" काउंटरवरची बाई म्हणाली. "माय लव्हर (इथे अनोळखी माणसालाही असंच म्हणतात), नदीपलीकडच्या डेव्हनची का तू?"

"याच गावात जन्मले मी."

"मग तर लाजच वाटायला हवी!"

दफ्तरखान्यात लग्नाची नोंदवही आमच्यापुढे आली, बांधणी उसवू नये म्हणून उशीवर ठेवलेली. वधू: मेरी त्रेहो. वडिलांचं नाव: रेघ. आई त्या रेघेकडे बघत राहिली. मदतीला पिलार नावाची स्वयंसेविका होती, इथले खाणकामगार जिथे जायचे त्या मेक्सिकोतल्या पाचुका शहराची मूळची, साठीची. तिला मी प्रार्थनापुस्तकातलं नाव दाखवलं.

"तुम्ही कुठलं आडनाव शोधलंत?" तिने विचारलं.

"त्रेहो."

"ते आईचं. वडिलांचं एर्नांदेस. आमच्यात दोन्ही लावतात, आईचं शेवटी."

"लग्नानंतर?" आईने विचारलं.

"तेच राहतं. का बदलायचं?"

इथल्या कारकुनाने केली तीच चूक मी केली होती. आई माझ्याकडे वळली. "वीस वर्षं पेपरात काय करत होतास रे?" मग पिलारला म्हणाली, "म्हणजे तिला आई होती." हे ती इंग्रजीत म्हणाली.

पिलारने एर्नांदेस आडनावाने शोध घेतला. पाऊण तासात पाचुकाजवळच्या एका खाणगावातली बाप्तिस्म्याची नोंद पडद्यावर आली. मारिया ग्वादालूपे, 'इहा लेहितिमा' (औरस कन्या). वडील होसे एर्नांदेस, आई पेत्रा त्रेहो. आईने ते नाव माझ्याकडून देवनागरीत लिहून घेतलं आणि पर्समध्ये ठेवलं.

"पण ती निघाली तेव्हा ही पेत्रा होती का?" तिने विचारलं.

पिलार म्हणाली, त्या गावच्या दफनाच्या नोंदींना सूची नाही. पानं एकेक करून वाचावी लागतील. वाचते.

बुधवारी आम्ही परतलो. पुलावर आई जागी होती. पुढचे नऊ दिवस ती रोज जेवायच्या आधी विचारायची, "मेल बघितलास?"

दहाव्या दिवशी, शनिवारी दुपारी, पिलारने इंग्रजी अर्थासह एका पानाचा फोटो पाठवला. मी तो आईला मराठीत वाचून दाखवला. दफनाची तारीख रेडरुथच्या लग्नानंतर चार वर्षांची आहे. मयत: पेत्रा त्रेहो, विधवा. मागे मुलगी एक, मारिया ग्वादालूपे. तिच्या नावापुढे पाद्र्याने एक शब्द लिहिला आहे: आउसेंते (गावात नाही).